डब्यावर नाव कोणाचे?



शिरूर आणि दौंड हे दोन तालुके आता केवळ जोंधळ्याचे, कांद्याचे आणि उसाचे राहिलेले नाहीत. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर येथे आणि तिकडे कुरकुंभला कारखाने उभे राहिले व त्यांच्या मागोमाग भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी कामगार त्या खोल्यांतून चार-चार, सहा-सहा जण मिळून राहतो. त्याला पाळीची वेळ सांभाळावयाची असते. चूल पेटविण्यास सवड नसते. म्हणून त्याला चपाती-भाजीचा, वरण-भाताचा घरचा डबा लागतो. तो डबा वेळेवर पोचावा म्हणून कोणी तरी बाई पहाटे उठून कणीक मळीत असते. या बायांत आपल्या बौद्ध भगिनी आहेत, आणि त्या आणखी अधिक असाव्यात असे आम्हांस वाटते.

परंतु या धंद्यात एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. "डबा कोणाच्या घरचा?" या प्रश्नास भिऊन आपल्यातीलच काही शहाणे आपल्या भगिनींना सल्ला देतात : "आडनाव सांगू नका. बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत लावा. डब्यावर एखाद्या देवीचे नाव चिकटवा. धंदा चालला म्हणजे झाले!" या सल्ल्याशी आमचे भांडण आहे. तो सल्ला व्यवहाराचा दिसतो, म्हणूनच तो अधिक घातक आहे.

प्रथम त्या प्रश्नाचेच परीक्षण करू. कोणी म्हणेल, हा प्रश्न चवीचा आहे. वऱ्हाडी माणसास वऱ्हाडी तिखट हवे, कोकण्यास नारळ हवा, त्यात जात कोठे आली? ठीक आहे. ज्याला चव हवी तो विचारील, भाजीत तेल किती घालता? ज्याला स्वच्छता हवी तो विचारील, भांडी कशाने घासता, पाणी कधीचे भरलेले? हे प्रश्न गिऱ्हाइकाने अवश्य विचारावेत आणि आपण त्यांची उत्तरे द्यावीत. पण "कोणाच्या घरचा" या प्रश्नाला तेलाशी, तिखटाशी, पाण्याशी काही कर्तव्य नाही. घर कळले की जात कळते, आणि जात कळली की भूक लागली असतानाही तोंड फिरविता येते. त्या प्रश्नाचा उपयोग इतकाच.

यातील ढोंग पाहा. दौंडच्या शेतात ऊस तोडतो कोण? शिरूरच्या रानात कांदा उपटतो कोण? जोंधळा खुडतो, मळतो, पोत्यात भरतो कोण? त्या राबणाऱ्यांत आपले हात पिढ्यान्पिढ्या आहेत. तो जोंधळा, तो कांदा, त्या उसाचा गूळ साऱ्या गावाला चालतो. कच्च्या धान्याला आपल्या हाताचा विटाळ कधी झाला नाही, कारण त्या विटाळाने धान्य टाकून द्यावे लागले असते आणि गाव उपाशी मेले असते! तेच धान्य त्याच हातांनी शिजविले की मात्र ते बाटते. ज्या नियमात श्रम शुद्ध आणि श्रम करणारा अशुद्ध, तो नियम धर्माचा नव्हे, सोयीचा आहे. आपली मेहनत घ्यावयाची पण आपल्याशी पंगत घ्यावयाची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या नियमाने किती खोल जखमा केल्या आहेत, हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक असले पाहिजे. १९०१ च्या सुमाराची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघाले व मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने गोरेगावला चालले. बरोबर घरून दिलेले भरपूर खाणे होते. परंतु जात कळल्यामुळे वाटेत कोणी पाणी देईना, आणि पाण्यावाचून घास घशाखाली उतरेना. ती मुले जवळ अन्न असताना उपाशी निजली. डबा भरलेला आणि पोट रिकामे! अन्नाचा तुटवडा हे त्या उपासाचे कारण नव्हते. माणुसकीचा तुटवडा हे कारण होते.

पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाल्यावर मंडपात जेवावयास बसलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला व शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. हल्लेखोरांस त्या दिवशी केवळ माणसे मारावयाची नव्हती. आपण सन्मानाने एकत्र बसून जेवतो, हे दृश्यच त्यांस सहन होत नव्हते.

आणि हा केवळ मानापमानाचा प्रश्न आहे असे समजू नका. हा भाकरीचाही प्रश्न आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला असे. परंतु तेथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपली थुंकी लागलेल्या धाग्यास स्पृश्य कामगार हात लावीत नसे. म्हणून ते खाते आपल्याला बंद होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. रेल्वेचेही तेच. दौंडहून लोहमार्ग मनमाडला जातो. त्या मनमाडला १९३८ च्या फेब्रुवारीत जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी सांगितले की, आपला माणूस रुळावर गँगमन म्हणून खपतो, पण त्याला पोर्टर नेमीत नाहीत. कारण पोर्टराला स्टेशनमास्तरच्या घरी घरगडी म्हणूनही राबावे लागते, आणि त्या घरात आपल्या माणसाचा शिरकाव नाही. पाहा, लोखंडी रुळाला विटाळ नव्हता. विटाळ होता तो मास्तरांच्या स्वयंपाकघराला. आणि त्या स्वयंपाकघराने आपल्या माणसाची सरकारी नोकरी ठरविली! म्हणून आम्ही म्हणतो की, चुलीचा प्रश्न हा पोटाच्या हक्काचा प्रश्न आहे.

आता डब्याच्या धंद्याकडे वळू. या धंद्याची सर्वांत मोठी परंपरा मुंबईच्या डबेवाल्यांची. ही माणसे बहुतेक आपल्याच पुणे जिल्ह्यातील मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले असे सांगतात. ज्या १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच साली या मंडळींनी आपल्या संस्थेची नोंदणी केली. महामारीपूर्वी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत. २०२० च्या टाळेबंदीने त्या धंद्याला जबर तडाखा दिला.

मुंबईसारख्या शहरात घरच्याच डब्याचा एवढा आग्रह का होता? चव आणि काटकसर ही कारणे खरीच. परंतु परक्या हातचे शिजलेले खाऊ नये ही समजूतही त्यामागे होती. गिरणगावातील खानावळीसुद्धा पुष्कळदा गाव आणि जात पाहून भरत. तरी त्या डबेवाल्याच्या डब्याचे झाकण पाहा. त्यावर रंगाने काढलेली अक्षरे आणि आकडे असतात : डबा कोठून उचलला, कोणत्या स्टेशनवर उतरवावयाचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. एवढ्या खुणांत जातीची खूण नाही! कारण पत्ता चुकला तर माणूस उपाशी राहतो. जात न कळल्याने कोणी उपाशी राहत नाही. गुजराथ्याचा डबा आणि मुसलमानाचा डबा एकाच लाकडी घोडीत शेजारी शेजारी बसतात आणि दोन्ही बाटत नाहीत. धंद्याच्या गरजेने जे झाकणावर साधले, ते समाजाला मनात साधले नाही.

दुसरे उदाहरण भगिनींसाठी. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकाराच्या पाशात होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या हाती येईल अशी व्यवस्था केली. एकटी असताना जिला कोणी दारात उभे करीत नव्हते, तिला संघटित झाल्यावर बँकेने खुर्ची दिली. रांधणे हे कमीपणाचे काम नाही. एकटीने, लपून आणि मोल न सांगता रांधणे हे दुर्बलपणाचे आहे.

"हे सर्व जुने झाले, आता कोण जात पाहतो?" असे म्हणणारे भोळे बांधवही आहेत. त्यांस आम्ही दूरचे नव्हे, पुण्याचे उदाहरण देतो. २०१७ साली हवामान खात्यातील एका शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत फिर्याद दिली की, स्वयंपाकिणीने आपली जात ब्राह्मण असल्याचे खोटे सांगितले आणि आमचे सोवळे मोडले. स्वयंपाकीण मराठा समाजाची होती. तिने आरोप नाकारला. ओरड झाल्यावर ती फिर्याद मागे घेण्यात आली. आकाशातील ढगांचे शास्त्र जाणणाऱ्या घरात चुलीजवळ शास्त्र थांबले! आणि ज्या मराठा बांधवांस वाटते की जातीचा बाण केवळ आपल्याच लोकांवर सुटतो, त्यांनीही त्या दिवशी तो आपल्या अंगणात पडलेला पाहिला.

नव्या यंत्रयुगातील कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०१९ साली जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने पोचविणारा हिंदू नाही म्हणून जेवण नाकारले, तेव्हा झोमॅटो कंपनीने अन्नाला धर्म नसतो असे बाणेदार उत्तर दिले. त्याच कंपनीने २०२४ च्या मार्चमध्ये 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी हिरव्या पोषाखातील वेगळे वाहक जाहीर केले. टीका झाल्यावर हिरवा पोषाख दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. वेगळी व्यवस्था मात्र ठेवली. कोणी मांस खावे, कोणी न खावे, हा ज्याच्या त्याच्या पोटाचा प्रश्न आहे व त्यात आम्ही पडत नाही. परंतु बंद डब्यातील अन्न कोणत्या माणसाने वाहिले यावरून ते शुद्ध की अशुद्ध ठरू लागले, म्हणजे सोवळे नव्या कपड्यांत परत आले असे समजावे.

आता त्या शहाण्यांच्या सल्ल्याकडे येऊ. ते म्हणतात, "आधी पोट, मग स्वाभिमान." आम्ही विचारतो, नाव लपविल्याने पोट तरी सुरक्षित होते काय? पुण्याच्या त्या प्रकरणाचा धडा नीट वाचा. जात लपविल्याचा नुसता आरोप झाला, आणि जात विचारणारी बाई फिर्यादी ठरली व राबणारी बाई आरोपी! लपविलेले नाव हे ढालीसारखे वाटते, पण उद्या तेच दुसऱ्याच्या हातातील काठी होते. "यांनी आम्हांस फसविले" असे म्हणण्यास त्याला निमित्त मिळते, आणि मग एक डबा नव्हे, सारेच डबे एका दिवसात बंद होतात.

दुसरे असे की, लपविणारी बाई त्या प्रश्नास मान्यता देते. "होय, तुम्हांस विचारण्याचा अधिकार आहे, आणि खरे उत्तर लाजिरवाणे आहे," असे ती न बोलता कबूल करते. तिसरे आणि सर्वांत वाईट ते मुलांचे. जे मूल दारात गिऱ्हाईक आले की आईला तसबीर झाकताना पाहते, त्याला पुढे शाळेत कितीही भाषणे ऐकविलीत तरी त्याची मान ताठ होणार नाही.

नाव उघड ठेवून अन्नाचा धंदा करता येतो, याचे उदाहरण याच महाराष्ट्राने दिले आहे. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांस पाण्याला शिवल्याबद्दल स्पृश्यांनी मारहाण केली. शाहू महाराजांनी त्यांस स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले आणि त्यांनी चहाचे दुकान काढले. ते दुकान कोणाचे, हे सारे कोल्हापूर जाणत होते. म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा पिऊ लागले व बरोबरच्या मंडळींसही पाजू लागले. गंगारामांनी नाव बदलले नाही; गिऱ्हाइकांस आपली खोड बदलावी लागली. आज आपल्यापाशी महाराज नाहीत हे खरे. पण आज आपल्यापाशी संघटना आहे आणि संविधान आहे.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्याचे पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा असे नामकरण झाले, अस्पृश्यतेच्या कारणाने व्यवहार तोडणे दंडनीय ठरविले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्काराचाही गुन्ह्यात समावेश झाला. आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातींचे संरक्षण मिळाले, म्हणून धर्मांतराने हे हक्क जातात अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. अर्थात कायदा एखाद्या गिऱ्हाइकाच्या तोंडात आपला घास घालू शकत नाही, हे आम्ही जाणतो. काही डबे कमी होतील, हेही आम्ही नाकारीत नाही. पण जो घरमालक, ठेकेदार किंवा गावगुंड "यांचे डबे घेऊ नका" म्हणून इतरांस चिथावतो, त्याला कायद्यापुढे उभे करता येते. आणि ज्याचे नाव उघड असते तोच फिर्यादीवर सही करू शकतो. लपलेल्या माणसाला कोणत्याही कायद्याचा आधार घेता येत नाही.

आता आपल्याच घराकडे पाहू, कारण तेथे न पाहता दुसऱ्यास दोष देणे हा अप्रामाणिकपणा होईल. डबा कोणाच्या घरचा हा प्रश्न आपल्यापैकी कोणीच विचारीत नाही काय? मातंगाच्या घरचा, पारध्याच्या घरचा, मुसलमानाच्या घरचा डबा समोर आला, तर आपला हात क्षणभर अडखळत नाही काय? ज्याने सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा घेतली, त्याचा हात अडखळता कामा नये. भगवान बुद्धांचा भिक्खू पात्र घेऊन निघे तो ओळीने घरे घेत जाई; श्रीमंताचे घर निवडावयाचे आणि गरिबाचे वगळावयाचे, ही मुभा त्याला नव्हती. तथागतांनी अखेरचे भोजन घेतले ते चुंद नावाच्या लोहाराकडे. आणि पुढे कोणी चुंदाला बोल लावू नये, म्हणून आपल्या अंतिम आजारातही त्यांनी आनंदाला बजावून सांगितले की ते भोजनदान श्रेष्ठ होते. रांधणाऱ्याच्या मनाला मृत्युशय्येवरून जपणारा हा आपला शास्ता आहे. त्याचे अनुयायी म्हणवून आपण रांधणाऱ्याची जात विचारणार काय?

घरातील पुरुषांसही दोन शब्द. डब्याचा हिशेब करताना डाळ, तेल, भाजी, गॅस यांची किंमत धरली जाते; बाईच्या पहाटेच्या तासांची धरली जात नाही. ते तास फुकटचे नव्हेत. परक्या मालकाने मजुरी बुडविली तर आपण मोर्चा काढतो. आपल्याच चुलीपाशी बुडविलेली मजुरी आपल्याला दिसू नये, हे कसे? हिशेबाची वही तिच्या नावाने असावी, बँकेचे खातेही तिच्याच नावाने असावे.

तेव्हा करावयाचे काय? शिरूर-दौंडच्या प्रत्येक बौद्ध वस्तीत रांधणाऱ्या भगिनींनी एकत्र यावे. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी; त्या कायद्याला तुमच्या स्वयंपाकघराची स्वच्छता पाहावयाची आहे, तुमची जात नव्हे. स्वच्छता, वेळ आणि वजन यांत कोणास बोट ठेवण्यास जागा ठेवू नये. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली होती. २०२० च्या संहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणली. त्या उपाहारगृहांची कामे आपल्या महिला मंडळांस का मिळू नयेत, हे कारखानदारांस व कामगार संघटनांस जाऊन विचारावे. आणि रांजणगावात किंवा कुरकुंभात काम करणाऱ्या प्रत्येक बौद्ध तरुणाने आपला डबा या भगिनींकडून घ्यावा, शेजारच्या खाटेवरील सोबत्यास त्यातली भाजी वाढावी, आणि ती कोणी रांधली हे त्यास नावानिशी सांगावे. महाराजांनी कोल्हापुरात जे केले, ते आता आपल्या तरुणांनी करावयाचे आहे.

भगिनींनो, डब्याच्या झाकणावर देवीचे नाव नको आणि जातीचेही नको. जात आपण सोडली आहे. तेथे तुमचे स्वतःचे नाव, आडनावासह, ठळक अक्षरांत लिहा. आणि कोणी दारात येऊन "डबा कोणाच्या घरचा?" असे विचारलेच, तर आवाज खाली न आणता सांगा : "माझ्या घरचा. आम्ही बौद्ध आहोत. भाजी आजची आहे, भाव हा आहे. किती डबे पाठवू?"

जय भीम.